माहेरचं नाव

कादंबरीत एखादी बाई नुसती कुणाची तरी 'मिसेस' म्हणून आली, की वैजयंती मॅडम पुस्तक टेबलावर पालथं ठेवायच्या आणि वर्गाला विचारायच्या, "इसका खुद का नाम क्या है?"

"मॅडम, लिखा ही नहीं है."

"नहीं लिखा ना? तो तुम लोग रखो."

मग इंदूरच्या आमच्या कॉलेजात शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन बायकांची बारशी व्हायची. सरिता, कमला. एकदा कुणीतरी मस्करीत 'जलेबी' सुचवलं. मॅडमनी तेही फळ्यावर लिहिलं आणि पुढे शिकवायला लागल्या.

त्या कादंबऱ्यांवर त्यांचा भारी जीव होता आणि रागही तेवढाच. "बघ ना," मला म्हणायच्या, "नवऱ्याच्या डोक्यात काय चाललंय त्याची पानंच्या पानं. बायको येते, कॉफी ठेवते, खिडकी लावते, गेली. तिच्या डोक्यात काय होतं, एक बार तरी विचारायचं ना."

माझं लग्न ठरलं तेव्हा पेढे घेऊन मी सुदामा नगरातल्या त्यांच्या घरी गेले. पेढा हातातच धरून त्या म्हणाल्या, "नाव नको बदलू हं. एक बार गेलं ना, की वापस नाही येत."

तेव्हा कळलं, त्या मूळच्या सुमन. मॅट्रिक होताच लग्न होऊन मल्हारगंजात आल्या. तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, पण यांची मान खाली, कुणी वाचू दिलंच नाही. "आत गेल्यावर नणंद म्हणाली, आजपासून तू वैजयंती. मी म्हटलं, अच्छा." पुढच्या पदव्या, नोकरी, सगळं त्याच नावावर. हे सांगताना त्या हसत होत्या. मला हसवेना.

मी हट्ट धरला. आई महिनाभर धुसफुसत होती. लग्नात ताट आलं तेव्हा मॅडम पुढे येऊन बसल्या, चष्मा पुसून वाकल्या आणि तांदळात माझंच नाव पाहून म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे हो जावईबापूंचं." मग बराच वेळ डोळे टिपत राहिल्या.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेले. यजमान कधीच गेले होते, माहेरचंही कुणी उरलं नव्हतं, आणि आठवण पार पुसत चालली होती. घास घेत नव्हत्या. सांभाळणारी बाई कानाशी ओरडत होती, "वैजयंतीजी, मुँह खोलो." मुलगा म्हणाला, "काही उपयोग नाही. आईला आता काहीच कळत नाही."

मी दलियाची वाटी घेतली, वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकेरी हाक मारली, "सुमन."

डोळे उघडले. "आले गं आई," म्हणाल्या आणि हात टेकून उठायला लागल्या. मी त्यांना सावरलं. चार घास त्यांनी शहाण्या मुलीसारखे खाल्ले.

सून दारात उभी होती. तिने विचारलं, "सुमन कोण?"

मी मुलाकडे पाहिलं. तोही उत्तरासाठी माझ्याकडेच बघत होता.