नंबर आणि भाव

माझं एम.ए. इकॉनॉमिक्स झालं तेव्हा बीडमधल्या यच्चयावत नातेवाइकांनी मला एकच प्रश्न विचारला, "बँकेत कावून लागत न्हाई?" मला बँकेचं नावही नको होतं. क्लासमधल्या मैत्रिणी तलाठी नाहीतर पीएसआयच्या मागे लागलेल्या, आणि मी पहिल्यापासून हट्टी. विजेचा दर किती असावा, टोल कुठवर घ्यावा हे ठरवणाऱ्या सरकारी आयोगांना अर्थशास्त्र शिकलेली माणसं लागतात, असं आमच्या सरांनी एकदा सांगितलं होतं. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मग एक जाहिरात दिसली. दिल्लीतलं सरकारी कार्यालय, आणि काम काय, तर बड्या कंपन्या आपसांत ठरवून भाव चढे ठेवतात का ते शोधायचं. दिला अर्ज ठोकून.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे समजावताना अख्खी दुपार गेली. अण्णा बीडच्या एसटी स्टँडवर रिक्षा चालवतात, तिथले सगळ्यांत जुने.

"मंजी सिमेंटवाले एका खोलीत बसून भाव ठरवतेत, अन् तू त्यायला धरणार?"

"हो."

"धर. लई हरामखोर असतेत असले," अण्णा मनापासून म्हणाले आणि नंबर लावायला स्टँडवर गेले. मीही खूश झाले. दोघांनाही काही खटकलं नाही, हे आता आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

दिल्लीत मुलाखतीला समोर तिघं होते. त्यांतल्या बाईंनी विचारलं, "कंपन्या काही लिहून ठेवत नाहीत. मग संगनमत ओळखणार कसं?" हे मला तोंडपाठ होतं. सगळ्यांचा भाव सारखा, वाढतो तोही एकाच दिवशी, आणि जो कमी करेल त्याला बाकीचे धडा शिकवतात. बाई हसल्या. "असं कुठं स्वतः पाहिलंय?"

'नाही' अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढं हवा सोडलेली तीन चाकं आली.

आमच्या स्टँडवर जो आधी येतो त्याची रिक्षा रांगेत पुढं, आणि पॅसेंजर त्याचाच. याला नंबर म्हणतात. भाव मात्र दर दिवाळीनंतर अण्णा आणि दोन-तीन जुने लोक चहाच्या टपरीवर बसून ठरवतात. एक जण नवीन आला, तीन पोरींचा बाप. तो दहा रुपये कमी घ्यायला लागला. एके सकाळी त्याच्या तिन्ही चाकांतली हवा गायब. "पलीकडं पंपापाशी उभा राय बे," असं म्हणून अण्णांनीच त्याला रांगेबाहेर काढलं होतं. घरी हा किस्सा ऐकून मी पोट धरून हसले होते. पाच वर्षं अर्थशास्त्र शिकले, पण दिव्याखाली अंधार तो अंधारच.

नोकरी मला हवीच होती. खरं बोलावं तर परक्या माणसांपुढं बापाला गुन्हेगार करायचं, आणि लपवावं तर पहिल्याच दिवशी खोटं. मी सगळं सांगून टाकलं.

"हे भाव ठरवतं कोण?"

"माझे वडील."

"तक्रार आली तर काय कराल?"

"नंबर राहू देईन, भाव मोडेन," मी म्हटलं. नंबर आहे म्हणून म्हाताऱ्या, कमी दिसणाऱ्या ड्रायव्हरलाही पॅसेंजर मिळतो, त्याला बसमागं पळावं लागत नाही. पण ठरवून लावलेला भाव पॅसेंजरच्या खिशातून जातो, आणि पंपापाशी उभ्या असलेल्याच्या ताटातूनही.

घरी आल्यावर अण्णांना सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय मला राहवलंच नसतं. त्यांचा हात ताटातच थांबला. "दिल्लीला जाऊन बापाची चहाडी केलीस," म्हणाले आणि उठले. त्यानंतर बोलणं बंद. नोकरीचं पत्र आलं, आईनं शिरा केला, अण्णांनी मुकाट्यानं खाल्ला. निघायच्या दिवशी स्टँडवर सोडलं, बॅग बसमध्ये चढवली, तरी शब्द नाही. रागही आला होता मला, पण गेवराई मागं पडेपर्यंत रडत होते.

चार महिन्यांनी पहिल्या सुट्टीला आले. बसमधून उतरले तर समोर रांग, आणि अण्णांची रिक्षा नववी. पहिल्या नंबरावर तो तीन पोरींचा बाप, एरवी पंपापाशी उभा राहणारा.

"ताई, बसा की," त्यानं बॅग उचलली आणि चाचरत मागं अण्णांकडं पाहिलं. "अण्णा, ताईकडून किती घेऊ?"

अण्णा रिक्षातून उतरून आमच्यापर्यंत चालत आले. माझ्याकडं न बघता त्यांनी बॅग त्याच्या हातातून घेतली आणि सीटवर नीट ठेवली.

"नंबर तुझाय," ते त्याला म्हणाले. "भाव तुझा तू ठरव. मला कावून इचारतो बे?"

मग माझ्याकडं वळले. "घरी हो पुढं. आई वाट बघायलीय."