भेडाघाटचा म्हणून दाखवलेला खांब

आमच्या जबलपूरच्या कॉलेजातल्या कोठीचे विटांचे खांब मी कमिशनरसाहेबांना भेडाघाटचा संगमरवर म्हणून दाखवले. कोठी मूळची एका मालगुजार जमीनदाराची. तिचा इतिहास मी साहेबांना सांगायचा आणि तो त्यांना आवडला, तरच माझी नोकरी कायम होणार होती.

शेवटच्या खांबाशी एक म्हातारा गवंडी चुन्याचा गिलावा गोट्याने घोटत बसला होता. मधूनच खांबाला कान लावून बोटाने टकटक करायचा, अगदी डॉक्टरासारखा.

"एकसंध शिळा, साहेब!" मी गरजलो, आणि तेवढ्यात मला त्याच्या हाताखालची उघडी लाल वीट दिसली.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सावकाश उठला, विटेला पाठ लावून उभा राहिला आणि साहेबांना लांबलचक सलाम ठोकला. साहेब खूश होऊन पुढे गेले.

मी परत येऊन त्याचे आभार मानले. सकाळभर घोटलेला ओला चुना त्याच्या सदऱ्याला लागला होता.

"राहू द्या जी, मास्तर," तो म्हणाला. "आत नुसती वीट, वरून घोटलेला चुना. खांब काय अन् तुम्ही काय, सारखेच. पण खांब बडबड करून नाही राहिला."