दुकान उघडं आहे

शिंप्याच्या टेबलाखाली चिंध्या साठतात ना, तसे माझ्याकडं किस्से साठलेत. मुद्दाम कुणी जमवत नाही. कापत गेलं की पडतातच, आणि झाडून टाकायला मन होत नाही. मी छोट्या दुकानदारांचं ऑनलाइन मार्केटिंग बघते. म्हणजे पेज काढून देणं, फोटो टाकणं, रील करणं आणि "लाइक आले गं, पण गिऱ्हाईक कुठाय?" हे ऐकून घेणं. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त.

माझं माहेर कोल्हापूर, सासर म्हैसूर. राहायला शहराच्या टोकाला, बोगादीला, आणि कामाची सगळी माणसं जुन्या गावातल्या देवराज मोहल्ल्यात. बहुतेक सासरचे नातेवाईक आणि त्यांचे शेजारी. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली, शिवणकाम करणारी, विठ्ठलाची भक्त मंडळी. घरात मराठीच बोलतात, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत कधी उतरतं ते त्यांनाही कळत नाही.

आज सांगते ते सगळं एकाच दुकानाचं. दुकान पांडुमामांचं. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ, वय अडुसष्ट. बोर्डावर नुसतं 'लेडीज अँड जेंट्स टेलर'. आत दोन मशिनी, एक मोठं टेबल, आणि वडिलांच्या वेळची कात्री. शेजारी लेस-बटणांचं दुकान, ते गिरिजाक्कांचं.

चैत्रात एके दिवशी मामा आमच्याकडं आले. चहाला नको म्हणाले. "मीना, लोक रेडीमेड घेतात, नाहीतर फोनवर मागवतात. जागेचा मालक विचारतोय, ठेवणार की सोडणार? दसऱ्यापर्यंत बघतो म्हणून सांगितलंय. तुझ्या त्या फोनमधे आमचं दुकान पण घाल की."

मी म्हटलं, "सहा महिन्यांत लाइन लागेल मामा." असं मी सगळ्यांनाच सांगते. त्यांनी मान डोलावली, चप्पल घातली, आणि दारात थांबून म्हणाले, "दुकान गेलं तर सकाळी उठून मी जायचं कुठं गं?"



* * *

पहिलं रील. मी बोगादीहून ट्रायपॉड काखेत धरून दोन बस बदलून पोचले. डोक्यात सगळं ठरलेलं: कात्री कापडातून सर्रकन जाते, मागं संगीत, वर लिहायचं 'चाळीस वर्षांचा हात'.

मामा टेबलापाशी हाताची घडी घालून बसलेले. कात्री फडक्यात गुंडाळून देवाच्या फोटोपुढं ठेवलेली.

"आज नाही होत. एकादशी."

मला विसरच पडलेला. एकादशीला ही मंडळी दुकान उघडतात, माप घेतात, तयार कपडे देतात, पण कापडाला कात्री लावत नाहीत. म्हटलं, "मामा, नुसती एक चिंधी कापा. कॅमेऱ्यापुरती."

"पांडुरंगाला कॅमेऱ्यापुरतं असं सांगू का मग?"

मी हात टेकले. शेवटी ट्रायपॉड लावला आणि म्हटलं, बोला काहीतरी. मामा कॅमेऱ्याकडं बघून शांतपणे बोलले: "आज एकादशी. माप देऊन जावा. कात्री उद्या लावतो." बस, तेवढंच.

तेच रील चाललं. हजारो लोकांनी बघितलं. पुण्याहून, नागपूरहून, लातूरहून लोक हात जोडलेली चित्रं पाठवायला लागले. मामा रात्री फोन करून विचारत होते, "लातूर कुठं आलं गं?" म्हैसूरमधून एक कमेंट होती. ती गिरिजाक्कांची, आणि त्या शेजारच्या दुकानात बसूनच बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मामांनी कात्री उघडून ठेवली. माप द्यायला कुणी आलेलं नव्हतं.

* * *

नकाशावर दुकान टाकताना वेळ भरावी लागते. मी घाईत भरली, सकाळी नऊ ते रात्री नऊ, सातही दिवस. सगळ्यांचीच मी अशी भरते. दुकान उघडं दिसलं की लोक निदान फोन तरी करतात.

तीन आठवड्यांनी मामी भेटल्या आणि माझ्यावर चिडल्या. "तू काय सांगितलंस ह्यांना? रविवारी पण जातात. ताप होता तरी रात्री नऊपर्यंत बसले."

मी तशीच दुकानात गेले. "मामा, रविवारी कशाला येता?"

त्यांनी फोन पुढं केला. "इथं लिहिलंय ना, उघडं आहे."

"अहो, ते मी सुम्ने भरलंय." सुम्ने म्हणजे उगीच. इथं राहून हा एक शब्द माझ्याही तोंडात बसलाय.

मामा माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी उलट्या बाजूनं बाही लावलीय. "मीना, उघडं म्हणून लिहायचं आणि कुणी तिकडं लांब पिरियापट्टणहून बस पकडून यायचं आणि शटर बघून परत जायचं? बरोबर आहे का हे?"

मी वेळ बदलून दिली. पण एक सांगते, माझ्या यादीतल्या बाकीच्या अकरा दुकानांची वेळ अजून नऊ ते नऊच आहे, आणि त्यातलं एक सकाळी अकराला उघडतं. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी बसमध्ये वाटलं.

* * *

मग मामा स्वतःच कमेंटला उत्तरं द्यायला शिकले. इथून माझी झोप गेली.

एका मुलीनं ब्लाउजच्या फोटोखाली विचारलं, 'प्राइस प्लीज'. अशी मुलगी म्हणजे सोनं. नुसता आकडा सांगायचा, बाकी सगळं आपोआप होतं. मामांनी फोनला तोंड लावून बोलून उत्तर टाकलं: "आधी कापड बघायला पाहिजे. तू कुणाची गं?"

ती बिचारी शहाणी, तिनं आडनाव लिहिलं. मामांचं लगेच उत्तर: "म्हणजे बांगडीवाल्या सरूबाईची नात का? तुझ्या आजीच्या लग्नाचं पोलकं आमच्या वडलांनी शिवलं. आजीचा डावा खांदा खाली होता. तुझा पण असेल. येऊन जा, सांभाळून घेतो."

हे सगळं उघड्यावर, सगळ्या गावासमोर.

त्या मुलीनं पेज ब्लॉक केलं. मी मामांना म्हटलं, "असं नाही लिहायचं हो." मामांना खरंच वाईट वाटलं. दोन दिवस फोनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "पण खांदा खाली होताच. आता कोण सांभाळून घेणार तिला?"

* * *

आषाढ गेला, श्रावण आला. गिऱ्हाईक तेच जुनं, तेही एकेक कमी होत चाललेलं. आणि त्यात मापाच्या वहीचं प्रकरण झालं.

शिंप्याकडं मापाची वही असते. एका पानावर एक बाई: नाव, छाती, कंबर, बाही, आणि कोपऱ्यात तिच्या कापडाची चिंधी टाचलेली. मामांकडं अशा चोवीस वह्या. मी त्यांना कधीतरी म्हणाले होते, "मामा, लोकांना तुमच्यावरचा विश्वास दिसला पाहिजे." चूक माझीच. त्यांनी बसून वहीतल्या आठ पानांचे फोटो काढले आणि पेजवर टाकले. वर लिहिलं: 'हा बघा विश्वास'.

आठ बायका. नावासकट.

मला कळेपर्यंत चार तास झालेले. मी फोटो काढून टाकले, पण तोवर फोन सुरू झाले होते. एका बाईंचा मुलगा येऊन भांडून गेला. संध्याकाळी निवृत्त हेडमिस्ट्रेस बाई आल्या, मामांकडं तीस वर्षं शिवणाऱ्या. मामा उभेच राहिले. बाईंनी आवाज चढवला नाही.

"पांडुरंगराव, माझी कंबर आता अख्ख्या म्हैसूरला माहीत झाली."

"चुकलं बाई."

"आणि ते माप पाच वर्षांपूर्वीचं आहे. टाकायचं होतं तर आत्ताचं तरी टाकायचं."

गिरिजाक्का शेजारून हसल्या. मलाही हसू आलं. मग बाईंनी टेबलावरचे आपले दोन न कापलेले पीस उचलले, पिशवीत घातले आणि निघून गेल्या. परत आल्या नाहीत. मामा बराच वेळ त्या रिकाम्या जागेवरून हात फिरवत बसले होते.

* * *

भाद्रपदात मात्र गर्दी झाली. खरंच झाली. कुणीतरी मामांच्या जुन्या मशीनचा फोटो टाकला आणि पोरंपोरी दुकान बघायला यायला लागली. मशीनबरोबर फोटो, मामांबरोबर फोटो, बटणांच्या बरण्यांबरोबर फोटो. मी हुरळून गेले. त्याच जोशात एका दुपारी बसून पुढच्या दोन-अडीच महिन्यांच्या पोस्ट आधीच लावून ठेवल्या. रोज सकाळी साडेनऊला आपोआप जाणार: 'नमस्कार. दुकान उघडं आहे. या.' मामांनीच सांगितलं होतं, जास्त काही लिहू नको म्हणून.

गर्दीतलं कुणी शिवायला टाकत नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला आठवडा लागला. मामांच्या पहिल्याच दिवशी आलेलं.

एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं. फोटोग्राफर, दिवे, सगळा लवाजमा. मामा मशीनवर बसल्यासारखं करणार, मागं हे दोघं हसणार. मुलीचा ब्लाउज पाठीत ढिला. ती म्हणाली, "अंकल, दोन टाके माराल का? ऑनलाइन मागवलाय, फिटिंग नाही नीट."

मामांनी मारले. दोन नाही, पूर्ण पाठ उसवून परत शिवून दिली. पाऊण तास. फोटो फार सुंदर आले. त्यांनी ते टाकले आणि खाली सगळ्यांचे आभार मानले. फोटोग्राफर, मेकअपवाली, आणि ब्लाउजसाठी त्या ऑनलाइन कंपनीचे.

मी संतापून मामांना दाखवलं. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, पाठीवरची शिलाई बघितली आणि म्हणाले, "सरळ आलीय."

त्या रात्री मला रडू आलं. नवरा म्हणाला, जाहिरात वाढव. मी म्हटलं, कशाची वाढवू? माणूस चांगला आहे, काम चांगलं आहे, सगळे बघतात, सगळे छान म्हणतात आणि पुढं जातात. सहा महिने मी दुसरं काय केलं? एका माणसाला तमाशासारखं मांडून ठेवलं.

* * *

दसरा आला. मामांनी मालकाला कळवलं, आयुधपूजा झाली की किल्ली देतो, पूजेशिवाय जागा सोडणार नाही. खंडेनवमीला दोन्ही मशिनी धुतल्या, कात्रीला कुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. गल्लीतल्या सगळ्यांना चुरमुरे वाटले. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, एक मशीन विकली, एक घरी नेली. मालकानं शटरला आपलं कुलूप लावलं. शहरभर दिवे लागलेले होते आणि मामा कात्री पिशवीत घालून पायी घरी गेले. मी बरोबर चालत होते.

नंतर आठ दिवस मी फोनकडं बघितलंच नाही. पेजचं नाव काढवत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी गिरिजाक्कांचा फोन. "मीना, तुझे मामा इथं बसलेत गं. रोज येतात. मामींना देवळात जातो म्हणून सांगतात."

मी नवऱ्याची स्कूटर काढली. मामा बंद शटरच्या पायरीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टेप, मांडीवर मापाची वही.

"मामा, इथं काय करताय?"

त्यांनी फोन पुढं केला. सकाळी साडेनऊची पोस्ट. 'नमस्कार. दुकान उघडं आहे. या.'

मी लावून ठेवलेल्या पोस्ट. थांबवायच्या राहूनच गेल्या होत्या.

"तू लिहितेस ना रोज," मामा म्हणाले. "कुणी आलं आणि मी नसलो तर?"

"मामा, ते आपोआप जातं. मी विसरले. माझी चूक झाली. आत्ता काढते सगळ्या." मला बटणच सापडेना.

"थांब," ते म्हणाले, आणि वही उघडली. नवीन पान. नाव, छाती, कंबर, बाही. कोपऱ्यात हिरव्या कापडाची चिंधी. "काल आली होती. पिरियापट्टणहून, बसनं. इथंच पायरीवर उभं करून माप घेतलं. गिरिजाक्कानं साडी आडवी धरली. घरी मशीन आहे, शिवून देतो म्हटलं."

मामांनी वही मिटली.

"अजून किती दिवसांच्या आहेत?"

मी मोजलं. "सव्वीस."

"मधे एकादशी किती?"

"दोन."

मामांनी टेप गळ्यात नीट केली. "त्या दोन दिवसांचं तेवढं बदल. लिही, आज फक्त माप."