अंगठ्याचं कुलूप

आमच्या ठाकुर्लीच्या इमारतीत शेजारच्या काकूंची पेन्शन कोणीतरी बोटाचा नकली ठसा वापरून परस्पर काढली. घाबरून मी लगेच आईच्या आधारचे ठसे लॉक केले. ओटीपी बाबांच्या जुन्या फोनवर आला, कारण आईच्या आधारला त्यांचाच नंबर जोडलेला होता. बाबा नुकतेच गेले होते. पुढे त्या नंबरवर रिचार्ज मारायचं कोणाला सुचलंच नाही. तो बंद पडला.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आईला बँकेत नेलं. मशीन अंगठा घेईना.

"लॉक आहे. उघडून आणा," काउंटरवरचे म्हणाले.

"अहो, मी जिवंत उभी आहे ना समोर?"

"मला दिसताय आजी. मशीनला दिसत नाही."

उघडायला ओटीपी हवा, आणि तो जाणार बंद नंबरवर. नंबर बदलायला डोंबिवलीच्या आधार केंद्रात गेलो, तर तिथेही अंगठाच मागितला. पेन्शन थांबली. आई जेवताना माझ्याशी बोलेनाशी झाली. एकदा फक्त म्हणाली, "चोरापासून वाचवलंस खरं, पण मलाच कोंडलंस."

शेवटी तिनेच बाबांचा नंबर लावला. तिच्या फोनात तो 'अहो' म्हणूनच होता. रिंग गेली. तिने माझं मनगट घट्ट धरलं. पलीकडे एक बाई बोलली. कंपनीने तो नंबर तिला दिला होता.

आईने सगळं सांगितलं.

"ओटीपी सांगत नसतात मावशी," म्हणून तिने फोन ठेवला.

"बरोबर आहे तिचं," आई म्हणाली. "मीही ठेवला असता."

आईने पुन्हा लावला. या वेळी बाई म्हणाली, "कळव्याला या. समोर बसा, मग बघू."

गेलो. तिने चष्मा लावून आधार कार्डावरचा फोटो पाहिला, मग आईचा चेहरा. पाणी दिलं. "तुमच्या मिस्टरांना अजून फोन येतात हं. मी सांगते, घरी नाहीत." मी ओटीपी मागवला, बाईने वाचून दाखवला, लॉक निघालं.

दाखला झाला, पेन्शन आली. आधारला माझा नंबर जोडला आणि ठसे परत लॉक केले.

"म्हणजे आता तू फोन उचलला नाहीस की मी अडकले," आई म्हणाली.