रक्ताचं गणित

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी निमगाव केतकीच्या मळ्यात त्यांनीच बदलायला सांगितलेला पाईप उकरत होतो. त्याला महिना झाला. चौकातल्या फ्लेक्सवर 'अचानक निधन' छापलं, शोकसभेत मीही 'अचानक' म्हणालो… त्या शब्दाचा मला संताप येतो.

बारामतीच्या शाळेत ते आम्हाला जीवशास्त्र शिकवायचे. पुढं तीस वर्षं मैत्री टिकली. सरांना एकच नाद: खाटकाकडून बोकडाचा गुर्दा, म्हणजे मूत्रपिंड, आणायचा, त्याच्या रक्तवाहिनीत लाल राळ भरायची, ती घट्ट झाली की मांस तेजाबात विरघळवायचं. उरायचं रक्तवाहिन्यांचं एक लालभडक झाड. गाव त्यांना 'गुर्देवाले सर' म्हणून हसायचं. हसणाऱ्यांत मीही. सर फांद्या मोजून दाखवायचे. नळी रुंद केली तर जास्त रक्त पोसावं लागतं, अरुंद केली तर हृदयाला जास्त रेटावं लागतं. शरीर बरोबर मधलं माप धरतं. म्हणून खोडाच्या त्रिज्येचा घन म्हणजे फांद्यांच्या त्रिज्यांच्या घनांची बेरीज.

मी अतिशहाणा. डाळिंबाला ठिबक करताना दुकानदाराचं न ऐकता मुख्य पाईपचं माप याच नियमानं काढलं. शेवटच्या ओळी कोरड्या राहिल्या. त्याच आठवड्यात सर म्हणाले, "दत्ता, जिना चढताना छातीत भरून येतंय. बुधवारी पुण्याला दाखवायला जायचं, गाडी काढ. तुझ्या काकूला बोलू नको, घाबरंल."

बुधवारी गाडी काढली आणि मळ्याकडं वळवली. "आधी माझं पाणी बघा सर, पुणं कुठं पळून जातंय?"

सर ओळीओळीला थांबत चालले. शेवटी बांधावर बसून हसले. "येड्या, हे रक्ताचं गणित हाय. रक्ताला पोसावं लागतं, तुझ्या पाण्याला भाकरी लागती का? आन् रक्त शांत वाहतं, हे बघ कसं उसळतंय. जाड पाईप घाल." बोलताना हात छातीवर होता. मला तो दिसला. मी विचारलं, "किती इंची घालू?"

पुढच्या बुधवारी जाऊ म्हणालो. तो बुधवार सरांनी पाहिला नाही. राग त्यांचाही येतो. जन्मभर नळ्या मोजणाऱ्या माणसानं 'गाडी फिरव' एवढं म्हणू नये?

गेल्या आठवड्यात काकूंना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. कपाटातून लाल झाड काढून माझ्यापुढं ठेवलं. "न्हे हे. मळ्यात न्हाय, घरात ठेव. रोज दिसंल असं."

आता ते माझ्या टेबलावर आहे. सर त्याला कापड लावू द्यायचे नाहीत, फांद्या मोडतील म्हणून. रोज सकाळी फुंकर मारून धूळ उडवायचे. शेवटी शेवटी मधेच थांबायचे, दम खायचे… मी समोर चहा पीत असायचो. आता फुंकर मी मारतो. खोडापासून शेंड्यापर्यंत, एका दमात. मला दम लागत नाही, याचाच राग येतो.