डॉक्टर येत आहेत

कुठलंही नवं टूल दाखवा, आण्णा चौगुले आधी चालत्या कॉम्प्युटरची पिन काढायचे. पडदा काळा झाला की शांतपणे चष्मा पुसायचे, पिन परत घालायचे आणि अर्धवट राहिलेलं काम शाबूत आहे का ते बघायचे. "गोडगोड बोलणारं काय, कुणीबी आसतंय. मधनंच उठवल्यावर काय करतंय ते बघायचं," हे त्यावरचं त्यांचं ठरलेलं उत्तर. पुण्याहून टूल दाखवायला आलेल्या एका साहेबांचं प्रात्यक्षिक त्यांनी असंच मधे बंद पाडलं होतं. साहेब चहासुद्धा न घेता गेले.

आमची सॉफ्टवेअर कंपनी सहा-सात माणसांची. आण्णा सगळ्यांत मोठे. कागलच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत वीस-बावीस वर्षं कामांची वेळापत्रकं आखली, पंचेचाळिशीत कॉम्प्युटर शिकले आणि इकडे आले. मी इंजिनीअरिंगची पदवी मिरवत आलेली. त्यांना यातलं काही कळत नाही, अशी पहिले सहा महिने माझी ठाम समजूत होती.

दूध संस्थांसाठी आम्ही एक वेब ॲप करत होतो. जनावर आजारी पडलं की शेतकऱ्याने मोबाइलवर नोंद करायची. त्याला लगेच उलट निरोप जायचा आणि डॉक्टरला कळवायचं काम मागे सर्व्हरवर एका रांगेत जाऊन थांबायचं. ही रांग सांभाळायला टूल कुठलं घ्यायचं, हे ठरवायचं माझ्यावर आलं. शेवटी दोन उरली. एक सगळी रांग सर्व्हरच्या मेमरीत ठेवायचं. तासाभरात बसायचं, वर देखणा हिरवा पडदा. दुसरं प्रत्येक काम आधी डेटाबेसमध्ये लिहून ठेवायचं आणि झालं की खूण करायचं. बसवायला वेळ लागणार, आणि दिसायला अगदी रेशनकार्ड. मी पहिलं घेतलं.

आण्णा तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घरी होते. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "पिन काढून बघितलीस काय?"

"बघितली," मी म्हणाले. बघितली नव्हती. हिरवा पडदा बघून मला ती गरजच वाटली नव्हती.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकराला मी ॲपची नवी आवृत्ती चढवली आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. मेमरीतल्या रांगेत थांबलेली पाच कामं तिथल्या तिथे पुसली गेली. पडद्यावर मात्र बाकी शून्य, चुकलेली शून्य. मी खुशीत डबा खाल्ला. दोन वाजता मुरगूडहून अक्काताई नावाच्या बाईंचा फोन आला. "पोरी, डॉक्टर कवा येणार? सकाळधरनं म्हैस अडलीया." मी धावपळ करून डॉक्टरला पाठवलं. ते पोचेपर्यंत म्हैसही गेली होती आणि पोटातलं रेडकूही.

आण्णांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. खोटं बोलले होते तेही सांगितलं आणि रडले. ते ऐकत बसले. मग म्हणाले, "रडून झालं की तोंड धू. उद्या सकाळच्या एसटीनं मुरगूडला जाऊया."

डोळ्यांवर काळा चष्मा लावून ते माझ्याशेजारी बसले. मी मनात 'तांत्रिक अडचणीमुळे' असं सुरू होणारं एक वाक्य जुळवत होते. अक्काताईंच्या दारात गेल्यावर ते तोंडातून बाहेरच आलं नाही. गोठ्यात दावं तसंच पडलं होतं.

आण्णा म्हणाले, "अक्का, डॉक्टरला सांगायचं काम आमच्याकडनं हरवलं. चूक आमची हाय."

अक्काताई चिडल्या नाहीत. "हरवलं तर हरवलं, माणसाकडनंबी हुतंय. पर तुमचा निरोप आलता की. 'काळजी करू नका, डॉक्टर येत आहेत.' म्होरल्या गल्लीत दुसरा डॉक्टर ऱ्हातोय. तुमचा येतोय म्हणून त्याला हाकच मारली न्हाय मी."

तो निरोप आण्णांनी स्वतः लिहिला होता. नुसतं 'नोंद झाली' म्हणणं कोरडं वाटतंय, अडलेल्या माणसाला जरा धीर वाटला पाहिजे, म्हणून.

आण्णांनी चष्मा काढला. "ते वाक्य माझं हाय, अक्का. पोरीचं न्हाय."

अक्काताईंनी चहा केला. कोरा. "दूध न्हाय," एवढंच म्हणाल्या. आम्ही दोघांनी तो संपवला.

त्या आठवड्यात आम्ही ते रेशनकार्डासारखं टूल बसवलं. निरोपही बदलला. आधी फक्त 'नोंद मिळाली'. डॉक्टरने होकार दिल्यावरच 'येत आहेत'. आणि त्याखाली 'तासाभरात कोणी न आल्यास या नंबरवर बोला', असं म्हणून आण्णांनी स्वतःचा मोबाइल नंबर घातला. मी म्हटलं, "कंपनीचा घाला की, जेवूसुद्धा देणार नाहीत तुम्हाला." ते म्हणाले, "न्हाय देऊ देत." खरंच देत नसत. घास हातात धरून ते म्हशीची लक्षणं विचारत बसायचे आणि मग डॉक्टरच्या मागे लागायचे. निवृत्त झाल्यावरही त्यांनी नंबर काढू दिला नाही.

गेल्या दिवाळीनंतर आण्णा गेले, झोपेतच. दिवसकार्य झाल्यावर काकूंनी मला बोलावून घेतलं. "ह्यांचा फोन सारखा वाजतोय गं. बंद करून टाकू काय?" मला त्यांचा राग आला आणि लगेच रागाची लाज वाटली. त्या बिचाऱ्या तरी किती जणांना सांगणार होत्या? मी फोन मागून घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना तो वाजला. राधानगरीकडचे कोणी गृहस्थ होते. "आण्णा हायत काय?"

"आण्णा वारले," मी म्हणाले. मग गॅस बारीक केला.

"मी बोलते. कुठल्या गावचं तुम्ही, आणि जनावराला काय झालंय?"