साडूंचा दिवा आणि सासूबाईंची झालर

माझ्या थोरल्या साडूंइतका तापट माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नसेल, आणि असलाच तर तो त्यांनीच चिडवून तयार केलेला असेल. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांनी जन्मभर यंत्रांची ड्रॉइंग काढली. निवृत्त होताना शाल-श्रीफळ नाकारून टेबलावरचा दिवा मागून आणला. दोन दांड्या, तीन स्प्रिंगा, वर पत्र्याची टोपी. नेऊ तिथे जातो, सोडू तिथे थांबतो. मोटारींच्या स्प्रिंगांवर डोकं चालवणाऱ्या एका इंग्रज इंजिनियरने तो शोधला, आणि त्याआधी जर्मनीतल्या एका कलाशाळेच्या मास्तरांनी नि पोरांनी 'वस्तूने काम करावं, नटू नये' असं ठरवून टाकलं होतं, हा इतिहास त्यांनी दूधवाल्यालासुद्धा ऐकवलाय. दिव्याची पूजा वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, हत्यार म्हणून. एरवी दिवेलागणीला कुणी बटण दाबून हात जोडले की ओरडलेच, "तो देव नाही, कामगार आहे!"

चांदवडला एका लग्नात झुंबराखाली उभं राहून त्यांनी यजमानांना विचारलं, "एवढे लोलक टांगलेत आणि मला ताटातलं मीठ दिसत नाही. हे लावलंय कुणासाठी?" यजमान म्हणाले, "पाव्हनं, जेवा ना गुमान. लय शोभा हे त्याला." साडू ताडकन उठले, आणि मलाही उठवलं. जिलेबी यायची होती हो! तो राग मी अजून गिळलेला नाही.

पण खरा राग पुढचा. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला त्यांनी तसलाच दिवा दिला. बायकोने हौसेने त्याच्या टोपीला मण्यांची झालर बांधली. सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात अंथरुणावर बसून ओवलेली झालर. साडूंना ते माहीत नव्हतं, पण विचारायला काय झालं होतं? चहाला आले, झालर पाहिली, शिलाई मशीनवरची कात्री उचलली. "हिचं काम काय?" म्हणाले आणि कचकन कापली! फरशीभर मणी.

"अहो, सासूबाईंची शेवटची आठवण होती ती!" मी किंचाळलो. "साडू असाल तुमच्या घरी. चालते व्हा!" दोघी बहिणी रडत मणी वेचत होत्या. मेव्हणींनी ते डब्यात भरून नेले. मग वर्षभर येणं-जाणं बंद. बायको बहिणीच्या आठवणीने झुरत होती, ते दिसत होतं मला. पण मीही हट्टाला पेटलो होतो.

परवा खंडेनवमीला दार वाजलं. साडू, हातात झालर. नमस्कार नाही, माफी तर नाहीच. सरळ दिव्याकडे गेले, चाचपडत झालर बांधली.

"हिला काम आहे," म्हणाले. "खुर्चीत बसलं की बल्ब डोळ्यांत खुपतो. ही आडवी येते. तपासून पाहिलंय मी."

मागून मेव्हणी हळूच म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. वर्षभर आमच्याकडच्या दिव्याखाली बसून एकेक मणी ओवलाय, मला हात लावू दिला नाही."

बायकोने डोळे पुसत दिव्याला हळदकुंकू वाहिलं. साडूंनी हात जोडले. दिव्याला की झालरीला, ते मी विचारलं नाही.

निळ्यांच्या ओळीत चार हिरवे मणी शिरलेत. बायको म्हणते, राहू देत. मला मात्र ते पाहिले की अजून संताप येतो. भल्या माणसा, एक शब्द तरी बोलायचास! शेजारी बसून सुईत दोरा ओवून दिला असता की मी.